विहिरीतला दम आणि समुद्रातला श्वास : रावेर ते तारकर्ली

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या मळ्यात वाढलेल्या मुलाला पोहणे कोणी वेगळे शिकवत नाही. केळीचा खांब हाताशी देऊन त्याला विहिरीत सोडतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो तरबेज होतो. मीही असाच शिकलो. बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणून दाखवणे ही आमची परीक्षा असे, आणि त्यासाठी दम धरता यावा लागे. गेल्या डिसेंबरात, वयाच्या ४१व्या वर्षी, भाच्याला सोबत घेऊन तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचा, पायाभूत अभ्यासक्रम केला, तेव्हा सर्वांत आधी मोडावी लागली ती हीच सवय. विहिरीत पोहायला शिकलेले आपल्याकडचे पुष्कळ जण यापुढे तिकडे जातील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

भुसावळ-जळगावहून मंगला एक्सप्रेस गाडी न बदलता कोकण रेल्वेमार्गावर नेते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तिचे थांबे पाहूनच आरक्षण करावे. कुडाळहून मालवण सुमारे ३० किलोमीटर असून एसटी मिळते, आणि तारकर्ली मालवणला लागूनच आहे. पावसाळ्यात तेथील डायव्हिंग बंद असते, त्यामुळे ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा. मालवणात पर्यटकांसाठी अर्ध्या तासाचे जे स्कूबा असते, त्यात प्रशिक्षक आपल्याला धरून फिरवतो आणि सर्व यंत्रणा तोच हाताळतो. तो अनुभव चांगला असला, तरी ते शिक्षण नव्हे. अभ्यासक्रमात प्रत्येक गोष्ट स्वतः करून दाखवावी लागते, म्हणून चौकशी करतानाच हा फरक स्पष्ट करून घ्यावा.

पहिल्या सकाळी २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे, अशी चाचणी झाली. विहिरीत आपण सूर मारतो, चार हात मारतो आणि कठड्याला धरतो. सलग पोहण्याची सवय नसते. जाण्यापूर्वी महिनाभर जळगाव किंवा धुळ्याच्या जलतरण तलावावर लांब पल्ल्याचा सराव केला, तर ही चाचणी जड जात नाही.

त्यानंतर तारकर्लीच्याच जलतरण तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून कौशल्ये सुरू झाली. तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा नळीतून तोंडात देणारे साधन) काढायचा, उजवीकडे झुकून हात मागून पुढे फिरवत नळी शोधायची आणि तो पुन्हा तोंडात घ्यायचा, एवढेच काम होते. रेग्युलेटर काढताक्षणी मी ओठ घट्ट मिटले. प्रशिक्षकांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि स्वतःच्या ओठांसमोर बोटे नाचवून बुडबुडे दाखवले. मी तरीही दम धरूनच बसलो. वर आल्यावर ते म्हणाले, “काका, तोंडात काही नसलं तरी ‘आऽऽ’ म्हणत राहा. मला बुडबुडे दिसलेच पाहिजेत.”

त्यामागचे कारण समजले आणि माझा हट्ट गेला. विहिरीत आपण वरची हवा छातीत भरून खाली जातो. ती खाली आकसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते, त्यामुळे दम धरून वर आल्याने छातीला इजा होत नाही. टाकीतली हवा मात्र रेग्युलेटर भोवतालच्या पाण्याच्या दाबाने देतो. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणून १० मीटरवर भरलेली छाती तशीच बंद ठेवून पृष्ठभागावर आलो, तर आतली हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुफ्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम आहे.

मास्कमध्ये पाणी भरून ते बाहेर काढणे मला सर्वांत अवघड गेले. नाकाला पाणी लागताच मी वर उसळलो. प्रशिक्षकांनी जॅकेट धरून खाली ठेवले. नजर किंचित वर, मास्कची वरची कड कपाळाशी दाबलेली आणि नाकातून संथ उच्छ्वास, असे केले की पाणी खालून निघून जाते. घरच्या तलावातच मास्क न लावता, फक्त स्नॉर्कलने, तोंड पाण्यात ठेवून रोज १० मिनिटे श्वास घेण्याची सवय करावी. मी ती केली असती, तर माझा अर्धा दिवस वाचला असता.

भाच्याला मात्र गाडीतच सर्दी झाली. ४ मीटरवर पाण्याच्या दाबाने दडा बसलेला त्याचा कान मोकळा होईना, तेव्हा त्याला लगेच वर आणून दिवसभर पाण्याबाहेर बसवले, आणि ते योग्यच झाले. कान मोकळा करायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, दुखण्याची वाट न पाहता, आणि जोर करायचा नाही. आपल्याकडच्या थंडीतून निघणाऱ्यांनी एक दिवस हाताशी जादा ठेवावा. दमा, रक्तदाब किंवा कानाचा त्रास असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र गावातूनच घ्यावे.

खाली जाता यावे म्हणून अंगावर बांधलेले शिशाचे वजन समुद्रात वाढवावे लागते, कारण खाऱ्या पाण्यात शरीर अधिक तरंगते. तलावात मला ४ किलो पुरले, समुद्रात ६ लागले. शेवटच्या बुडीत १२ मीटरवर, वाळूपासून वीतभर वर, मी आडवा स्थिर राहिलो. श्वास घेतला की क्षणभराने शरीर वर सरके, सोडला की खाली जाई. हात-पाय हलवण्याची गरजच नव्हती. खालची वाळू मुठीत घ्यावी असे फार वाटले, पण तळाला हात लावायचा नाही, असे सांगितलेले होते. टाकीतल्या हवेचा दाब ५० बारवर (बार हे दाबाचे एकक) येण्याआधीच आम्ही परत फिरलो आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबून वर आलो.

परतीचा हिशेब आपल्याकडच्यांनी विशेष करावा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, आणि त्याआधी उंचावर, म्हणजे कमी दाबाच्या हवेत, गेले तर त्याचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. अनेक बुड्यांनंतर विमानापूर्वी किमान १८ तास थांबतात. आपला मार्ग तर कसारा घाट चढून इगतपुरीला सुमारे ६०० मीटरवर जातो, आणि आंबोलीचा रस्ताही उंचच आहे. म्हणून शेवटच्या बुडीनंतरचा पूर्ण दिवस आम्ही सिंधुदुर्ग किल्ल्यावर आणि मालवणच्या बंदरावर घालवला आणि गाडी दुसऱ्या दिवशीची धरली.