दारणेच्या फुगवट्यावरचा साडेसहा किलोचा कटला

हिमाचलहून आलेली मंडळी ट्राउटचे फोटो दाखवतात आणि विचारतात, नाशिकजवळ हा कुठे मिळेल? मिळणार नाही. ट्राउटला बारा महिने गार पाणी लागतं, आपली धरणं उन्हाळ्यात तापतात. पण मोठा मासा गळाला लागल्यावर काय होतं ते अनुभवायचं असेल, तर दारणा धरण गाठा. १९१६ सालचं जुनं धरण, फुगवटा लांबवर पसरलेला, आणि त्यात कटला, रोहूच्या जातीचा मोठा मासा.

फेब्रुवारीत एका शनिवारी मामांकडे गेलो. मुंबई-आग्रा महामार्गाने वाडीवऱ्हे सोडलं आणि घोटीच्या अलीकडे डावीकडे वळलो. मामांचं गाव पाण्यालाच लागून. पोचल्यावर आधी मच्छीमार संस्थेच्या माणसाला भेटलो. धरणातली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे असते, म्हणून न विचारता गळ टाकू नका. बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, त्यांनी सोडलेली असतात. ठरेल ती रक्कम द्या आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा.

आता चारा: शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, तांदळाचा कोंडा, चिमूटभर बडीशेपेची पूड, सगळं कणकेत मळायचं. संध्याकाळीच चार मोठे गोळे एकाच जागी टाकून आलो. सकाळी मासा तिथेच घुटमळतो.

पहाटे मी शिसं लावून गळ तळाला सोडला. दोन लहान मृगळ, म्हणजे तळाशी चरणारे मासे, आले, दोन्ही परत सोडले. मामा म्हणाले, "कटल्याचं तोंड बघ, वर वळलेलं असतं. तो वरच चरतो." मग तरंगा लावून गळ चार फुटांवर ठेवला. साडेसातच्या सुमारास तरंगा बुडायच्या ऐवजी आडवा झाला. मी झटका दिला आणि रील किंचाळायला लागलं.

"ओढू नको! पळू दे त्याला," मामा ओरडले. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणलेली ठेवायची, पण मासा जोर करेल तेव्हा सोडायची, थांबेल तेव्हा गुंडाळायची. पंचवीस मिनिटं हेच चाललं. माझे दंड भरून आले. काठाशी आल्यावर हातजाळी डोक्याच्या बाजूने घाला. शेपटीला काही लागलं की तो पुन्हा उसळतो, आणि बरेच मासे तिथेच सुटतात.

एक जपा: पाणी ओसरलेल्या काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. हातात काठी ठेवा आणि एकटे जाऊ नका.

मासा मामींनी विळीवर साफ केला. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. कटला-रोहूचं पित्त नुसतं कडू नसतं, विषारी असतं; औषध म्हणून कुणी गिळायला सांगितलं तरी ऐकू नका, किडन्या निकामी होतात. कल्ले काढा, पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाका. धरणाच्या माशाला जो मातकट वास येतो, तो आंबटाने कमी होतो. म्हणून हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून तुकडे वीस मिनिटं ठेवले.

वाटण भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं, भरपूर लसूण, आणि मामींचा काळा मसाला. रस्सा आधी खळखळ उकळू द्यायचा, मग तुकडे सोडायचे. पळी घालायची नाही, पातेलं धरून हलवायचं, नाहीतर तुकडे मोडतात. दहा-बारा मिनिटांत होतं. मोठ्या माशाचा फायदा हा, की काटे जाड असल्याने बोटांना सापडतात. डोकं वेगळं शिजवा, त्याला वेळ जास्त लागतो.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशाच्या पोटात तेव्हा गाभोळी, म्हणजे अंडी असतात. थंडी ओसरल्यावर, ऊन चढायच्या आत गळ टाका.

अर्धा मासा आम्ही संस्थेच्या माणसाच्या घरी दिला. उरलेला नागलीच्या भाकरीबरोबर सहा जणांना पुरला, आणि डोकं मामांनी कुणालाच दिलं नाही.