काजळीची एकच बाजू

वेल्समधल्या कॉन्वी खोऱ्यातल्या त्या शेतघराच्या अंगणात गाडी लावली आणि माळ्यावरून कॉम्प्रेसरचा आवाज आला. पोटात खड्डाच पडला. परवानगी फक्त छपराच्या दुरुस्तीची होती: स्लेटची दगडी कौलं उतरवायची, कुजलेले वासे बदलायचे. कॉम्प्रेसरचं तिथे कामच नव्हतं.

शिडी चढून वर गेले तर सगळीकडे धूळ. ठेकेदाराची माणसं वाळूचा फवारा मारून लाकूड ‘साफ’ करत होती. काळं लाकूड म्हणजे त्यांच्या लेखी मळ. मी ओरडूनच मशीन बंद करायला लावलं. तोवर छपर पेलणाऱ्या दोन लाकडी कैच्यांपैकी एक कोरी करकरीत झाली होती. दुसरीला अजून हात लागला नव्हता.

मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. शिकले पुण्यात, नोकरी उत्तर वेल्समध्ये. हे घर वारसा यादीत सतराव्या शतकातलं म्हणून नोंदलेलं, आणि बाहेरून दिसतंही तसंच: जाड दगडी भिंती, दोन्ही टोकांना धुराडी, वर स्लेट.

वाचलेल्या कैचीवर टॉर्च मारला. एकच वाकडं ओकचं झाड उभं चिरून काढलेली दोन पाती, खालून निघून आढ्यापाशी एकमेकांना भिडलेली. इंग्रजीत याला क्रक म्हणतात, वेल्शमध्ये नेनफोर्ख. म्हणजे मुळात छपराचा भार भिंतींवर नव्हताच, तो या लाकडांवर होता. दगड मागाहून आला. पात्यावरून बोट फिरवलं. काजळी. डांबरासारखी घट्ट, चकाकणारी. कोकणात आजीच्या चुलीवरचे वासे असेच होते, म्हणून हाताला लगेच ओळख पटली. हा धूर धुराड्यातून गेलेला नाही, इथेच घुटमळत राहिलेला आहे.

आणि मग लक्षात आलं, कैचीची एकच बाजू काळी आहे. मागची बाजू स्वच्छ. तुळईच्या पोटाला ओळीने रिकाम्या खोबणी, म्हणजे इथे लाकूड-मातीची आडभिंत होती. अलीकडे नेयाद, जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळं मोठं दालन, मध्ये जमिनीवरच पेटती चूल. पलीकडे घरधन्याची आतली खोली, जिथे धूर पोचत नव्हता. अशी घरं सतराव्या शतकाच्या बरीच आधीची.

एकदा हे कळल्यावर खालचं घर भराभर उलगडत गेलं. चुलीऐवजी दगडी धुराडं उभं राहिलं, ‘सिम्ने व्हाउर’, थोरलं धुराडं. त्यात माणूस उभा राहील एवढा कोनाडा. धूर आवरला तेव्हाच दालनावर मजला घालता आला. त्या मजल्याच्या तुळयांच्या कडा सुबक तासलेल्या आहेत आणि त्यांवर काजळीचा कणही नाही. पुढे लाकडी भिंती जाऊन दगडी आल्या, मग त्याही उंचावल्या. टोकाच्या भिंतीत जुन्या उताराची रेघ अजून दिसते. एक खिडकी बुजवलेली आहे. 1696 ते 1851 या काळात खिडक्यांवर कर होता, आणि दिसली बुजवलेली खिडकी की त्या कराच्या माथी मारायची, अशी सवयच पडली आहे. इथे कारण समोर होतं: आतून तिथे नवा जिना आला होता.

पण साफ झालेल्या कैचीचं काय? ती दोन्ही अंगांनी काळी होती की एकाच, यावर घराचा दुसऱ्या टोकाचा अर्धा भाग कसा होता हे ठरणार होतं. दालन पुढेही चालू होतं, की तिथे दूधदुभत्याची खोली, की गुरं? आता ते लाकूड काही सांगणार नाही. माझ्याकडे पहिल्या भेटीतला एकच फोटो, गळक्या कोपऱ्याचा. त्यात कैचीची जेमतेम कड आली आहे. लाकडाला हात लावू नका, हे त्याच दिवशी लेखी द्यायला हवं होतं. मी दिलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

फवाऱ्याने झाडाचा बाहेरचा मऊ थरही गेला. झाड नेमकं कुठल्या वर्षी तोडलं हे सालीलगतच्या शेवटच्या वार्षिक वलयावरून कळतं, आणि ओक ओला असतानाच घडवत, म्हणून तेच साधारण बांधणीचंही वर्ष. काळ्या कैचीवर वीतभर जागेत ती कड शाबूत सापडली. मी तिथे खडूने खूण केली आणि नमुना घेईपर्यंत माळ्यावर कोणी चढायचं नाही असं बजावलं.

संध्याकाळी घरमालक वर आले. सत्तरी उलटलेले शेतकरी, जन्म याच घरातला, पण छताच्या वर कधी डोकावले नव्हते. मी म्हटलं, “हात लावून बघा.” त्यांनी बोट फिरवलं, उजेडात धरलं.

“मूग,” ते हळूच म्हणाले. वेल्शमध्ये धुराला मूग म्हणतात.

बोट त्यांनी पुसलं नाही. तसंच वर धरून, एका हाताने शिडी सांभाळत खाली उतरले, बायकोला दाखवायला.