आमची वाटचाल: चिठ्ठीवर गावाचं नाव

आमचा धंदा काळ्या कातळाच्या पोकळ्यांतले खनिजांचे स्फटिक संग्राहकांना विकायचा. एकेका तुकड्याला आम्ही नग म्हणतो. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक नगाच्या डबीत एक चिठ्ठी असते. खनिजाचं नाव, ते कशावर बसलंय, गाव, तालुका, जिल्हा, खाण की विहीर आणि बाहेर काढल्याचा महिना. पुष्कळ व्यापाऱ्यांच्या चिठ्ठीवर ‘पूना’, म्हणजे पुणे, एवढंच असतं. नाशिककडच्या विहिरीतलं स्कोलेसाइटही पूना आणि जळगावचं ॲपोफिलाइटही पूना! या चिठ्ठीनेच आमचं नाव झालं आणि 2009 साली तिनेच आम्हाला बुडवायची वेळ आणली.

मी 1993 मध्ये एका खडी क्रशरवर हिशेब लिहायला लागलो. तिथले मुकादम वडार समाजातले. मी त्यांना मामा म्हणायचो आणि माझ्या हातात सदा वही म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. बार उडून धूळ बसली की मामा डबरावर चढून सुतकीने एकेक दगड हलकेच वाजवत जायचे. भरीव काळा कातळ टणटण वाजतो, पोकळ असला की आवाज बसतो. तसा दगड फोडला की आत गुलबट स्टिलबाइट नाहीतर पाण्यासारखं ॲपोफिलाइट. मजूर त्याला सरसकट गारगोटी म्हणत आणि ती क्रशरच्या जबड्यात जाई. साडेसहा कोटी वर्षांमागचा लाव्हा, त्याच्या बुडबुड्यांत सावकाश वाढलेले स्फटिक, आणि आम्ही त्यांची पाऊण इंची खडी करत होतो. भोर घाटाच्या रेल्वेचं काम चाललं तेव्हा, म्हणजे 1863 च्या आधीच, साहेबाने असे नग उचलून विलायतेला नेले होते. आपल्याकडे ते खडीच्याच भावात राहिले.

दोन वर्षांनी नोकरी सोडली. भांडवल म्हणजे दोन सुतक्या, पाच छिन्न्या आणि मामा. छिन्न्या लोहाराकडून करून घेतल्या होत्या. त्याने पाणी असं चढवलं होतं की धार जायची पण तोंड फुटायचं नाही. त्यातल्या दोन अजून चालतात. पोकळीचा अंदाज घ्यायला सायकलचा स्पोक, माती काढायला मऊ दातब्रश, गुंडाळायला आधी टिश्यू, मग रद्दी, मग भुशाची पेटी. आज दगड दाबून तोडणारा हायड्रॉलिक ट्रिमर आहे, पण पोकळीच्या कडेला शेवटचा घाव मी हातानेच घालतो. मशीनला दगडाचा श्वास कळत नाही असं मामा म्हणायचे. मला ते जरा जास्तच वाटायचं. पुढे तीन मोठे नग ट्रिमरखाली गेले तेव्हा पटलं.

आमचे पहिले गिऱ्हाईक एक निवृत्त भूशास्त्राचे प्राध्यापक. सर दर दिवाळीनंतर यायचे, मुठीत मावेल एवढाच एक नग घ्यायचे आणि आधी चिठ्ठी वाचायचे. एकदा मी घाईत नुसतं ‘जळगाव’ लिहिलं होतं. सरांनी नग परत ठेवला. “जिल्हा हा काही पत्ता झाला नाही,” म्हणाले. पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट हे निळं खनिज पहिल्यांदा हाती आलं तेव्हा तो निळा रंग व्हॅनेडियम या धातूचा, आणि हिरव्या ॲपोफिलाइटचा रंगही त्याचाच, हे मला सरांनीच सांगितलं. स्टिलबाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली खनिजं, पण ॲपोफिलाइट झिओलाइट नव्हे, हेही त्यांनीच दहा वेळा सांगितलं. व्यापारी मंडळी अजून त्याला झिओलाइटच म्हणतात.

आता 2009. जळगाव जिल्ह्यातल्या एका खाणीत हिरव्या ॲपोफिलाइटची पोकळी लागली. माणूस आडवा झोपेल एवढी. खाणमालकाशी तोंडी बोलणं झालं होतं, आणि चूक तिथेच झाली. त्या पोकळीच्या भरवशावर मी शेडसाठी कर्ज काढलं. पहिल्या तीन पेट्या जर्मनीतल्या म्युनिकच्या खनिजांच्या जत्रेसाठी तिथल्या व्यापाऱ्याकडे पाठवल्या. आत चिठ्ठ्या, अर्थातच पूर्ण पत्त्याच्या.

आमच्याच धंद्यातल्या एकाने ती चिठ्ठी वाचली. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो कोण ते माहीत आहे, नाव लिहीत नाही. पंधरा दिवसांत तो खाणमालकाच्या ओट्यावर नोटांची पिशवी घेऊन बसला होता. वर्षभराच्या पोकळ्यांचा आगाऊ पैसा! दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पोराने मला आत सोडलं नाही. त्याच पोराला मी दर पावसाळ्यात रेनकोट द्यायचो.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. त्याने तोच माल ‘पूना’ म्हणून विकला. वरचे सुटलेले स्फटिक डिंकाने दुसऱ्या दगडावर चिकटवले तो भाग वेगळाच. बाजारात शेकडो हिरवे नग पूना, आणि आमचे तेवढे कुठल्या न ऐकलेल्या गावचे. म्युनिकच्या व्यापाऱ्याला आमचीच चिठ्ठी खोटी वाटली. त्याने तिन्ही पेट्या आमच्या खर्चाने परत लावल्या. बँकेचे चार हप्ते थकले. बायकोने पाटल्या काढून दिल्या. त्या अजून परत केल्या नाहीत, तेवढा हिशेब राहिलाय.

त्या वर्षी सर दिवाळीआधीच आले. आमच्याकडून घेतलेला त्या पोकळीचा छोटा नग त्यांनी सोबत आणला होता. मामांनी पोकळीच्या बुडाचा एक मोठा तुकडा घराच्या पायरीला लावला होता, हे मला आठवलं. आम्ही त्यांच्या घरी गेलो. मामींनी पायरी धुऊन दिली. सरांनी नगाची खालची बाजू पायरीवर ठेवली, दोनदा फिरवली, आणि ती चपखल बसली. सरांनी फोटो काढले आणि दोन पानी पत्र जर्मनीला धाडलं. व्यापाऱ्याने तिन्ही पेट्या परत मागवल्या. एक येताना वाटेतच फुटली होती, म्हणून दोनच गेल्या.

बाकीचं कर्ज एका विहिरीने फेडलं. सिन्नरकडे चाळीस फुटांवर मामांच्या भाच्याच्या यारीला पांढऱ्या काड्यांचा दगड आला. शेतकऱ्याला विहीर बांधून घ्यायची घाई. त्याला चार पैसे दिले आणि तीन रात्री मागून घेतल्या. बॅटरीच्या उजेडात, गुडघाभर पाण्यात, आम्ही स्कोलेसाइटचे पंखे उतरवले. आठ वर आले, पाच जातीचे निघाले.

पुढची वर्षं सरळ गेली. मुलगी शिकली, ट्रिमर आला, अमेरिकेत टुसॉनच्या खनिजांच्या जत्रेत टेबल मिळालं, 2020 मध्ये सगळं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

नवीन पोरं विचारत नाहीत, तरी सांगतो. फसलेला, म्हणजे न उडालेला, बार दिसला तर त्या भोकाजवळ छिन्नी नेऊ नका, सरळ मागे फिरा. बंद खाणीत पावसाळ्यात जाऊ नका, वरची दरड पाण्याने सुटलेली असते. ओकेनाइट हे कापसाच्या गोळ्यासारखं खनिज, त्या कापसाला बोट लावायचं नाही आणि पाणीही नाही, एकदा चपटा झाला की गेला. ॲपोफिलाइट शेगडीजवळ वाळवू नका, पापुद्रे सुटतात. कॅल्साइट असलेला नग ॲसिडमध्ये घालणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. घेताना अतिनील टॉर्च मारून बघा, बरेचसे डिंक त्याखाली चमकतात. आणि खाणमालकाशी बोलणं कागदावर करा, तो सख्खा भाऊ असला तरी.

मामा गेले त्याला सहा वर्षं झाली. पायरी तिथेच आहे. नातवाने वर फरशी बसवायचं काढलं होतं, मी जाऊन थांबवलं. सर आता येऊ शकत नाहीत, दिवाळीनंतर मीच एक नग घेऊन जातो. अजून आधी चिठ्ठीच वाचतात.

ती हिरवी पोकळी कुठल्या गावची, हे बरेच जण विचारतात. चिठ्ठीवर आहे. इथे लिहीत नाही, खाण अजून चालू आहे.