अजून अर्धा आटा

आप्पांची एक सवय होती. कुठलाही बोल्ट आवळून झाला की पाना लगेच काढायचे नाहीत, जरा थांबायचे, आणि मग दातओठ खाऊन अजून अर्धा आटा. मग ती नळाची तोटी असो, कुकरच्या हँडलचा स्क्रू असो नाहीतर गाडी. "सैल राहिलं तर रस्त्यात पडेल," एवढंच म्हणायचे. त्या अर्ध्या आट्याचं कर्ज मी गेले चार महिने फेडतोय.

गाडी म्हणजे त्यांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, १९९१ ची. नावात शंभर असले तरी इंजिन ९८ सीसीचं, पण ज्यांनी चालवलीय त्यांना हा हिशोब सांगू नये, भांडण होतं. आमचं घर रत्नागिरीत, समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि गाडी अकरा वर्षं पडवीत गोणपाट टाकून उभी. गोणपाट आईने मायेने टाकलं होतं पण ते पावसाळाभर ओल धरून बसायचं, वर खारी हवा, म्हणजे लोखंडाला गंज चढायला जे जे लागतं ते सगळं आम्हीच जागेवर आणून दिलं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे बोल्ट आतल्या आत फुगून बसतो, आणि अल्युमिनियमच्या केसिंगमधे लोखंडी स्क्रू असेल तर दोन धातूंचं आपसात वेगळंच काहीतरी चालू होतं, पांढरी भुकटी तयार होते आणि ती आट्यांमधे सिमेंटसारखी भरते. वरून बघाल तर स्क्रू बरा दिसतो. सोडवायला जाल तेव्हा कळतं.

पहिल्याच रविवारी मी मॅग्नेटो कव्हरच्या फुलीच्या स्क्रूला साधा स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर दिला, आणि फुलीचा गोल खड्डा झाला. तेव्हा कळलं की जपानी गाड्यांचे हे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, म्हणजे नेहमीच्या फुलीसारखे, असले तरी फुली वेगळी असते, जेआयएस म्हणजे जपानी मापाची म्हणतात तिला, बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक ठिपका असतो तीच खूण. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर चढतं आणि स्क्रू खाऊन टाकतं. त्यात ६ एमएमच्या स्क्रूला तीन नंबरचा बिट लागतो आणि आपल्या सगळ्यांच्या घरी असतो दोन नंबरचा. म्हणजे गेल्या तीस वर्षांत ज्या ज्या गॅरेजमधे ही गाडी गेली तिथे प्रत्येकाने दोन नंबरने थोडं थोडं खाल्लं आणि शेवटचा घास माझा.

मग इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. हातोडीने मागून ठोकायचा, ठोका पडला की तो आत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरतो, त्यामुळे वर चढायला वावच नाही. सुंदर हत्यार. मी अकरा ठोके मारले, स्क्रू हलेना, बाराव्याला शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "अरे, तो आवळायच्या बाजूला लावलायस." खरंच लावला होता. आप्पांचा अर्धा आटा आणि वर माझे अकरा ठोके.

तेलाबद्दल प्रत्येकाचं मत असतं. कोणी डिझेल म्हणतं, कोणी ब्रेक ऑइल (हे नका करू, रंग जातो), कोणी अ‍ॅसिटोन आणि गिअर ऑइल. डब्ल्यूडी-४० तर देवघरात ठेवल्यासारखं घरोघरी असतं, पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं, १९५३ साली अमेरिकेत, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून चाळीस. साधा गंज असेल तर चालतं, आमच्यासारखा मुरलेला असेल तर ते नुसतं वास देतं. आमचे मेस्त्री याबाबतीत एकच सांगतात, "तेल घाला नि घरी जावा. उद्या परत घाला नि परत घरी जावा." मला वाटलं टाळतायत. पण तेलाला आत मुरायला दिवसच लागतात, आणि आपल्याला रविवार संपायच्या आत गाडी उघडायची असते.

उष्णतेचा उपाय खरा. अल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे केसिंग गरम केलं की भोक मोठं होतं आणि आतला स्क्रू त्यामानाने मागे राहतो. आई लोणच्याच्या बरणीचं घट्ट पत्र्याचं झाकण गरम पाण्याखाली धरायची, तेच. फक्त टाकी आधी काढून लांब ठेवायची, आणि ज्योत एका जागी धरायची नाही कारण अल्युमिनियम लोखंडासारखं लालभडक होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना गुपचूप वितळतं. गरम असताना आट्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण आत ओढलं जातं. हे मी देवघरातली मेणबत्ती चोरून केलं, आणि दोन स्क्रू सुटले.

हात मात्र शिकायला वेळ लागतो. बोल्ट सुटताना एक "टक्" येतो, कोरडा, हाडासारखा, तो ऐकला की जीव भांड्यात पडतो. पण कधी कधी पाना मऊ फिरायला लागतो, गुळाची चिक्की नीट झाली नसेल तर चिवट वळते तसा, आणि आपल्याला वाटतं सुटला. सुटलेला नसतो, तुटत असतो. तिथे थांबायचं, उलटं आवळायचं, तेल, परत पाव आटा. मी थांबलो नाही. क्लच कव्हरचा एक तुटला, तोही पृष्ठभागाच्या किंचित आत. ईझी-आऊट, म्हणजे तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार, घातला तर तो आतच तुटला, आता त्यात ड्रिल चालेना कारण ईझी-आऊट ड्रिलइतकाच कडक असतो. शेवटी मिरजोळे एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याने त्या तुकड्यावर मसाला चढवत चढवत वर नट चिकटवला, अल्युमिनियमला ते वेल्डिंग धरत नाही म्हणून हे जमतं, आणि लालबुंद झाल्यावर पान्याने पाव फेरा, थंड, परत पाव फेरा. आला बाहेर. पैसे सांगितले तेव्हा मी घासाघीस केली नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

आता एकच राहिलाय. मागच्या चाकाचा फोर्क ज्यावर झुलतो तो लांब बोल्ट, आरपार. नट सुटलाय पण बोल्ट आतल्या नळीत गंजून एकजीव झालाय. मेस्त्री म्हणाले कापून टाकू, नवीन मिळतो. मिळतो, मला माहितीय, फार महागही नाही. पण त्याच्या डोक्यावर पान्याच्या कडेचा एक चरा आहे, तो आप्पांनी पाडलाय, मी टॉर्च धरून बाजूला उभा होतो तेव्हा सातवीत.

रोज संध्याकाळी दोन्ही बाजूंनी डिझेल सोडतो, पितळेचा तुकडा लावून हातोडीने चार टोले देतो, आणि आत जेवायला जातो. काल आई म्हणाली, "हलला का रे?" म्हटलं नाही. म्हणाली, "भाजी गरम करून घे."