बक्षीस नाही, तर खेळता कायले?

"भाऊ, लाखाचं बक्षीस ठेवा नं एकदा. हे दर हप्त्याले फुकटचं खेळत बसता कायले?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, कृषी केंद्रासमोरच्या बाकावर येतो, तहसीलच्या रांगेत येतो. विचारणारा बहुतेक वेळा आपुलकीनंच विचारतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-नेर पट्ट्यात थंडी पडली की चौकाचौकात बॅनर लागतात: भव्य खुले टेनिस बॉल सामने, प्रथम बक्षीस अमुक, द्वितीय तमुक, आणि निम्म्याहून जास्त जागेत हात जोडलेले पुढारी. आमच्या गावचं बॅनर त्यात नसतं. क्लब मात्र आहे, आणि दिवाळी ते उन्हाळा दर शनिवार-रविवार सामने होतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

खुल्या सामन्यांशी माझं वैर नाही. आमच्याही गावात पूर्वी भरायचे. माईकवर कॉमेंट्री, रात्री लाइट, आठ-आठ ओव्हरची मॅच, भज्यांच्या गाड्या. मजा यायची. पण मैदानात कोण असायचं? यवतमाळचे, अकोल्याचे, नागपूरचे, मॅचमागं पैसे घेऊन येणारे गडी. एंट्री भरणारा संघ गावाच्या नावाचा, अकरा जण बाहेरचे. आमचे पोट्टे सीमारेषेवर बॉल आणून द्यायला, खुर्च्या लावायला आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचे ग्लास वेचायला. ज्याला बक्षीस घ्यायचंय तो आपला गडी कशाला खेळवील? चूक त्याचीही नाही. रक्कम मोठी झाली की कच्च्या पोराला जागा उरत नाही, एवढंच.

म्हणून आमच्याकडे बक्षीस नाही. आहे ते वेळापत्रक, आणि तेही पिकांनी ठरवलेलं.

शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची असते. पोरं जेवून दुपारी मैदानावर येतात. आधी तेरा वर्षांखालचे, मग सोळाखालचे. रविवारी सकाळी मोठे. आमचा आठवडी बाजार रविवारचा. शेतीला रविवार नसतो हे खरं, पण बाजाराच्या दिवशी मजुराला सुटी असते, म्हणून रविवार. ऊन चढायच्या आत मॅच आटोपते आणि माणसं पिशवी घेऊन बाजारात जातात. सोयाबीनची सवंगणी चालू असेपर्यंत अकरा जण जमत नाहीत, म्हणून हंगाम दिवाळीनंतर. कापसाची वेचणी जोरात असली की मोठ्यांचे नऊ-नऊ खेळतात. एप्रिलनंतर पारा ४५ कडे निघाला की पोरांचं बंद, मोठेही उजाडता उजाडता खेळून मोकळे होतात.

मैदान म्हणजे गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरानाची जमीन. काळी माती, पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून बावीस यार्डांवर मुरूम टाकून दाबला आहे आणि वर काथ्याची मॅट खिळ्यांनी ताणतो. मॅच झाली की गुंडाळून समाजमंदिरात. मॅट उचलायची पाळी हरलेल्या संघाची.

आता लेग साइडला एकाची तूर उभी असते. फटका तुरीत गेला तर सहा नाही, आऊट. नियमाच्या पुस्तकात हे कुठंच नाही, पण तुरीचा मालक त्या पुस्तकापेक्षा जवळ राहतो. जानेवारीच्या आसपास तूर कापली की हा नियम उठतो आणि सीमारेषा धुऱ्यापर्यंत सरकते. ऑफला कपाशी आहे, थोडी दूर. तिचा मालक फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उपटत नाही. डिसेंबरात पऱ्हाटी उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. आम्हीही सांगतो, अर्थात आमचं कारण निर्मळ नाही. याचा परिणाम म्हणजे आमच्या पोरांचा कव्हर ड्राइव्ह देखणा आणि पुल शॉट अगदीच कच्चा. बाहेरगावच्या बॉलरांना हे ठाऊक झालंय. जानेवारीपर्यंत ते आमच्या अंगावर आखूड टाकत राहतात.

बॉल लेदरचा वापरतो, आणि हा दुसरा वादाचा मुद्दा. टेनिस स्वस्त पडतो, पॅड-हेल्मेट लागत नाही, हे मान्य. पण टेनिस बॉलवर मनगट झटकून छक्के मारायची सवय लागलेला पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी लेदरसमोर उभा केला की मागं सरकतो. मोठ्यांचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. लहान मुलांसाठी नियमात १३३ ते १४४ ग्रॅमचा वेगळा बॉल दिलाय. तालुक्याच्या दुकानात तो मागितला तर दुकानदार टेनिस बॉल पुढं करतो. आम्ही नागपूरहून मागवतो. खर्च वर्गणीतून. एक बरा लेदर बॉल म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईची दिवसभराची मजुरी, कधी त्याहून जास्त. त्यामुळं बॉल पऱ्हाटीत हरवला तर दोन्ही संघ शोधतात. त्या दहा मिनिटांत भांडणंही मिटतात.

बाकीचं थोडक्यात: अंपायर बॅटिंगवाल्यांचाच, म्हणून पायचीत देत नाही. हेल्मेट मोजकी, ती आळीपाळीनं. तेराखालच्यांत चार-पाच पोरी खेळतात. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली, हे त्यांच्या आयांना सांगून ठेवलंय, आणि त्याचा उपयोग होतो.

आमचा खरा नियम एकच, आणि बक्षीस न ठेवण्याचं कारणही तोच. रविवारच्या प्रत्येक संघात सोळाखालचे दोघं हवेतच. नुसते फाइन लेगवर उभे करायचे नाहीत. एकानं पहिल्या सहांत बॅटिंग करायची, दुसऱ्यानं दोन ओव्हर टाकायच्या. मोठ्यांनी सुरुवातीला बरीच कुरकुर केली. "पोट्ट्यापायी मॅच जाते नं बाप्पा." जाते. पण गावात चाळिशीचा माणूस आणि चौदाचं पोरगं एकमेकांशी बरोबरीनं बोलतात अशी दुसरी जागा मला दाखवा. घरी बाप सांगतो, पोरगा ऐकतो. इथं पोरगा बॉलर असला की "काका, जरा मागं व्हा" म्हणतो आणि काका मागं होतात.

एका रविवारी मात्र काका मागं झाले नाहीत. पोरगा बॉल टाकायला आला, नॉनस्ट्रायकरला त्याचा सख्खा काका, आणि काका नेहमीप्रमाणे क्रीज सोडून दोन पावलं पुढं. पोरानं हात फिरवलाच नाही, बेल्स उडवल्या आणि अपील केलं. मैदानात आधी हशा, मग गोंधळ. "हे काय क्रिकेट झालं बे? घरी ये मंग!" मोठ्यांचं म्हणणं, आधी ताकीद द्यायला पाहिजे होती. अंपायर होते आमचे गुरुजी, तेही काकांच्याच संघातले. त्यांनी शांतपणे सांगितलं की १९४७ साली विनू मंकडनं सिडनीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असंच बाद केलं, तेव्हापासून जग भांडतंय. पण ऑक्टोबर २०२२ पासून नियमावलीनं हे 'अयोग्य खेळ' या प्रकरणातून काढून सरळ धावबादमध्ये टाकलंय. आऊट. काका बॅट आपटत गेले. पुढच्या रविवारी दोन्ही संघांतल्या झाडून सगळ्या मोठ्यांची बॅट क्रीजमध्ये टेकलेली होती. बक्षिसाच्या सामन्यात त्या पोराला बॉल मिळालाच नसता, आणि हे दोन लाखांवर झालं असतं तर काठ्या निघाल्या असत्या.

बक्षिसाच्या प्रश्नाला जोडून दुसरा येतोच: मग यातून कोणी रणजीत जाईल का? बहुतेक नाही. विदर्भाचा संघ आता ऐरागैरा राहिलेला नाही. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकलाय. त्या दारापर्यंत जायचं तर पोराला रोज नेट लागतं, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी. एसटीनं रोज कोण जाणार? लोक मला उमेश यादवचं उदाहरण देतात. टेनिस बॉलवर खेळलेला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा २००८ मध्ये रणजीत आणि २०११ मध्ये कसोटीत. खरं आहे. पण त्याचं खापरखेडा नागपूरला लागून आहे, आणि ताशी १४० च्या वर टाकणारा खांदा वर्गणीतून येत नाही. एकाच्या उदाहरणावर शंभर पोरांना स्वप्नं विकणं मला पटत नाही. भारताकडून खेळलेला जितेश शर्मा अमरावतीचा, तो पोरांना जवळचा वाटतो; वाटू द्यावा. त्यापुढं मी वचन देत नाही.

२०१७ चा हंगाम मात्र सांगतो. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले आणि उरलेली कपाशी बोंडअळीनं खाल्ली. दिवाळीनंतर मॅट काढायचीही कोणाची इच्छा नव्हती. मोठे येईनात. पोरंच शनिवारी येऊन आपसात खेळत होती, त्यांनी कोणाला विचारलं नाही. मग एक जानेवारी २०१८ ला इंदूरला विदर्भानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं, पहिल्यांदाच करंडक आला. त्या सामन्यातली विदर्भाच्या रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक पोरांनी मोबाइलवर पाहिली होती, आणि त्यानंतर महिनाभर प्रत्येकाला बॉलरच व्हायचं होतं. त्याने कर्ज फिटलं नाही, काही नाही. पुढच्या रविवारी मोठे आले आणि पोरांनी त्यांना बॉलिंग दिली नाही, इतकंच.

राहिलं बक्षिसाचं. मध्यंतरी एक पुढारी स्वतःहून आले होते, रक्कमही चांगली सांगत होते. आम्ही म्हटलं, साहेब, सामने नकोत. नवी मॅट द्या, आणि लहान मापाची चार हेल्मेट. त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि विचारलं, मॅटवर नाव कुठं टाकायचं? साइटस्क्रीन, म्हणजे बॉलरच्या मागचा पडदा करून द्या, त्याच्या पाठीमागच्या बाजूला टाका, असं गुरुजींनी सुचवलं. पाठीमागं का, असं त्यांनी विचारलं. पुढून टाकलं तर बॅट्समनला बॉल दिसत नाही, हे आम्ही समजावून सांगितलं. ते कळवतो म्हणून गेले आहेत.