एनए आणि एनए

दस्ताच्या परिशिष्टात एक रकाना होता, 'बिनशेती आदेश क्रमांक व दिनांक'. त्यापुढे दोनच अक्षरं टाइप केलेली: एनए.

2022 चा मे महिना. मी दापोलीत वकिली करते आणि त्यातलं निम्मं काम जमिनींच्या दस्तांचं असतं. पुण्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी समोर बसले होते. समुद्राकडच्या एका गावात दहा गुंठे घेत होते. मसुदा एजंटाने करून दिलेला, बयाणा देऊन झालेला, नोंदणीसाठी दुपारचं टोकन घेतलेलं. मी फक्त एकदा नजर घालायची होती. काकू तेवढ्यात मला घराचा नकाशा दाखवू लागल्या. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, समुद्राकडे तोंड करून पडवी.

"एनए प्लॉट आहे मॅडम, दस्तातच लिहिलंय," काका म्हणाले.

मी सातबारा मागितला. क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये होतं. बिनशेती झालेल्या जमिनीच्या नव्या सातबाऱ्यावर ते आर-चौरस मीटरमध्ये येतं आणि गाव नमुना बाराची, म्हणजे पिकांच्या नोंदीची, आवश्यकता नाही, अशी सूचना खाली छापलेली असते. इथे नमुना बारा व्यवस्थित भरलेला. पीक भात.

माझ्या पोटात गोळाच आला. एजंटाला फोन लावला.

"अहो मॅडम, एनए म्हणजे लागू नाही. आदेशच झालेला नाही, तर रकान्यात लिहू काय?"

तो फसवत नव्हता, असंच मला आजही वाटतं. करारनाम्यांच्या तक्त्यात नॉट ॲप्लिकेबल म्हणून एनए लिहायची पद्धत आहेच. महसुलात मात्र तीच दोन अक्षरं नॉन ॲग्रिकल्चरलची. आणि लिहिली कुठे, तर नेमकी बिनशेतीच्याच रकान्यात!

काकांच्या घरात शेतजमीन कधीच नव्हती. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. दस्त नोंदला गेला असता, तरी व्यवहार अवैध ठरला असता. आयुष्यभराची पुंजी होती ती.

मग मसुदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चतुःसीमेखाली होतं, 'एचटीएलपासून अंतर 140 मी.'

"ते विजेच्या तारांचं ना?" काका म्हणाले. "तारा लांब आहेत म्हणून तर ही जागा पसंत केली."

हाय टेन्शन लाइन. त्यांचं काय चुकलं? पण सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, कागदांत एचटीएल म्हणजे हाय टाइड लाइन, समुद्राची भरतीरेषा. 2011 ची अधिसूचना घ्या की 2019 ची, अशा विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र. बाहेरच्या माणसाला तिथे नवं घर बांधता येत नाही. हे समजावून सांगताना माझं लक्ष सारखं त्या नकाशाकडे जात होतं.

टोकन रद्द केलं. विक्रेत्यांना बोलावून बयाणा परत करण्याचं लिहून घेतलं. तो कागद मी हाताने लिहिला: 'जमिनीस बिनशेती परवानगी मिळालेली नाही. जमीन समुद्राच्या भरतीरेषेपासून 140 मीटरवर आहे.' विक्रेते भातशेती करणारे गृहस्थ. सही करण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचला. "असं आधी लिहिलं असतं, तर मलाही कळलं असतं," म्हणाले.

काकूंनी नकाशाची घडी घातली. मग पुन्हा उलगडून एकदा पडवीवर बोट फिरवलं आणि तो पिशवीत ठेवला.