आधी जाळी बघा, मग दांडा

फ्लाय फिशिंगवाल्याला काठीबद्दल विचारून बघा, तासभर सुटका नाही. काठी किती लवते, रील कसं फिरतं, सगळं साग्रसंगीत. मग गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून केलेल्या बनावट माश्यांची डबी दागिन्यांच्या पेटीसारखी हळूच उघडली जाते. लँडिंग नेटचा, म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायच्या दांडेवाल्या जाळीचा, विषय काढला की मात्र 'आहे की एक' एवढ्यावर गाडी थांबते. एवढ्या सरंजामात गळ आणि आपला हात सोडला तर माशाच्या अंगाला लागणारी वस्तू ही एकच, आणि तीच उरल्यासुरल्या पैशांत घ्यायची, हे मला पटत नाही.

नेट हवंच कशाला, असं म्हणणारेही भेटतात. पाण्यात माशाचं वजन जवळपास जाणवत नाही. नेटशिवाय बाहेर उचलला की सगळा भार केसासारख्या बारीक टिपेटवर, म्हणजे दोरीच्या शेवटच्या तुकड्यावर, येतो आणि ते तुटतं. म्हणून मग मासा पार थकेपर्यंत खेळवत बसायचं. त्या झटापटीत त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि परत पाण्यात सोडून दिल्यावरही तो लवकर सावरत नाही. नेट असलं की अंगात धुगधुगी नव्हे, चांगली रग असतानाच त्याला घेता येतं.

खरी निवड जाळीची. गाठी मारलेली नायलॉनची जाळी हलकी आणि स्वस्त, पण त्या गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काढतात. आपल्याला तो नुसता चिकटा वाटतो. माशाला रोगजंतूंपासून वाचवणारं कवच तेच. शिवाय परांच्या कडा फाटतात, आणि बारीक गळ नेमका गाठीत रुतून बसतो. मासा तडफडतोय, बोटं गारठलीत आणि आपण गळ सोडवतोय, यात मौज कसली? रबराची जाळी गुळगुळीत, गळही सहसा अडकत नाही. मात्र ती जड, आणि वाहत्या पाण्यात ओढायची तर मनगटाची परीक्षा. माझं मत बिनगाठीच्या, रबराचा लेप दिलेल्या जाळीला. लेप पुढेमागे निघायला लागतो, तेव्हा जाळी बदलायची. अख्खं नेट टाकायची गरज नाही. तळ सपाट असला तर उत्तम, मासा दुमडत नाही, लांबसडक पडून राहतो.

जाळी ताणून धरणाऱ्या कड्याबद्दल लोक फार हळवे होतात. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, चिकटवून केलेलं कडं हातात घेतलं की त्यावरून बोट फिरतंच, मीही अपवाद नाही. टेंकारा या बिनरीलच्या जपानी फ्लाय फिशिंगमधलं नेट, म्हणजे 'तामो', तर झाडाची फांदीच वाकवून केलेलं, बघत राहावं असं. पण अ‍ॅल्युमिनियम असो की कार्बन फायबर, माशाला सगळं सारखंच.

दांड्याचं गणित जागेवर ठरतं. ओढ्यात उतरून मासेमारी करायची तर आखूड, होडीतून किंवा उंच काठावरून करायची तर लांब. लांब दांडा पाठीला अडकवून चालताना गुडघ्यामागे आपटत राहतो, तो त्रास वेगळा. पाठीवर नेट लोहचुंबकाने अडकवायची सोय छान, पण सोबतची ताणणारी दोरी जपून. झुडपात नेट अडकतं, आपण पुढे जात राहतो, दोरी ताणते, आणि फांदी सुटली की पाठीत असा रट्टा बसतो की मासा बिसा सगळं विसरायला होतं.

एक चाचणी दुकानातच करावी. काठी साधारण 9 फुटांची, पुढे जवळपास तेवढाच लीडर, म्हणजे जाड दोरी आणि बनावट माशी यांच्यामधली बारीक दोरी. म्हणजे मासा जवळ आणायचा तर एक हात डोक्यामागे उंच न्यावा लागतो आणि दुसऱ्या हाताने नेट पुढे धरावं लागतं. तसंच उभं राहा. नेट खाली, पाण्याच्या पातळीला, स्थिर. माशाला डोक्याकडून त्यावर आणायचं असतं. शेपटीमागून नेट घेऊन धावलं की तो उसळी मारून पुढे पळणारच. दुकानदार चमकून बघेल, बघू द्या. मनगट भरून आलं तर ते नेट परत ठेवा आणि पुढचं मागा.